ज्वारीची पात, मेडिकलची बाटली आणि बुबुळावरचं फूल : मंगळवेढा तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण एका बाईचं म्हणून मांडलं आहे, पण ती कोणी एकच बाई नाही. सुगीत डोळ्याला ज्वारीची पात लागली की सोलापूर जिल्ह्यात पुढे जे ज्या क्रमाने घडत जातं, तो क्रम एका नमुन्यात बांधला आहे. मापं, औषधं आणि दिवसांचा हिशोब मात्र उपचारात प्रत्यक्ष असतो तसाच ठेवला आहे.

रुग्ण ४२ वर्षांची शेतमजूर, मंगळवेढा तालुक्यातली. स्वतःची जमीन नाही. मधुमेह नाही, डोळ्याचा आधीचा काही आजार नाही. उजव्या डोळ्याला इजा, महिना फेब्रुवारी.

रानात

मालदांडी ज्वारी काढणीला येते तेव्हा ताट माणसाच्या डोक्यावर गेलेलं असतं आणि पानं वाळून कडक झालेली असतात. त्या पानांची कड बोटावरून उलटी फिरवली तर बोट चिरतं. उपटणारी बाई दोन्ही हातांनी बुडखा धरते, कमरेत वाकते आणि हिसका देते. ताट जमिनीतून सुटतं, त्या हिसक्याने शेजारचं ताट हलतं आणि त्याची पात सरळ तोंडावर येते. बहुतेक वेळा पापणी मिटते. या वेळी मिटली नाही.

सकाळचे दहा वाजले असतील. डोळ्यातून पाणी आलं. सोबतच्या बाईने पदराच्या टोकाने डोळा पुसून फुंकर मारली, आणि काम संध्याकाळपर्यंत चालू राहिलं. उक्तं काम असतं, पेंढ्या बांधायच्या असतात, पाचुंदे मोजून मजुरी ठरते. अशा दिवशी डोळ्यासाठी कोणी घरी जात नाही.

डोळ्यावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यावरचं सगळ्यात वरचं आवरण पेशींच्या पाच-सहा थरांचं, सुमारे ०.०५ मिलिमीटरचं. एवढं पातळ असूनही ते शाबूत असेपर्यंत बुरशीला आत शिरायला वाट मिळत नाही. पातीने तेच खरवडलं. नुसता ओरखडा असता तर एक ते तीन दिवसांत आपोआप भरून आला असता, शेजारच्या पेशी सरकून येऊन खळगा झाकतात. पण पात जाताना आपल्या अंगावरचं काहीतरी मागे ठेवून जाते.

काय ठेवून जाते, हे ज्वारी पिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कणसं भरलेली असताना पाऊस लागला की दाणे काळे पडतात, भाव पडतो. तो काळेपणा फ्युझॅरियम, कर्व्ह्युलॅरिया, अल्टरनॅरिया अशा बुरशींचा. यातल्या फ्युझॅरियमच्या जाती डोळ्यात व्रण करण्यात जगभर सगळ्यात पुढे आहेत, आणि कर्व्ह्युलॅरियाही त्या यादीत आहे. रब्बीच्या कोरड्या हवेत कणीस काळं दिसत नसलं तरी पानावर, मातीत आणि कडब्याच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतातच.

पहिले दोन दिवस

रात्री डोळा ठणकू लागला. दिव्याकडे बघवेना. घरात बाळंतीण होती, तिच्या दुधाचे दोन थेंब डोळ्यात घातले गेले. हा उपाय सोलापूरपासून पार नेपाळपर्यंत गावोगाव चालतो, आणि तो करणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण दूध निर्जंतुक नसतं आणि उघड्या जखमेवर जंतूंना तेच अन्न होतं. मध, तुळशीचा रस, लोणी, एरंडेल यांचंही तसंच. जिभेने कुसळ काढण्याची पद्धत तर त्याहून वाईट, कारण तोंडातले जंतू थेट जखमेवर जातात.

दुसऱ्या दिवशी आराम पडेल म्हणून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी गावातल्या मेडिकलमध्ये मुलगा गेला.

"आईचा डोळा लाल झालाय. थेंब द्या की."

"किती दिस झालं?"

"परवा रानात पात लागली."

"हे घाल चार टाइम. दोन दिवसांत उतरंल."

या चार वाक्यांत एका डोळ्याचं भविष्य ठरलं. पात लागल्याचं मुलाने सांगितलं होतं. दुकानदारानेही विचारलं होतं. माहिती सगळी समोर होती, फक्त त्या माहितीचा अर्थ लावायला तिथे डॉक्टर नव्हता.

बाटलीत काय होतं

लेबलवर दोन औषधं होती, एक प्रतिजैविक आणि दुसरं डेक्सामेथासोन. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. कायद्याने ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही लाल डोळ्याला दुकानातून जे थेंब सहज हातात पडतात त्यांत हे जोडऔषध वारंवार दिसतं, कारण त्याने लाली झटपट उतरते आणि गिऱ्हाईक समाधानाने परत जातं.

लाली म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या, आणि त्यांतून जखमेकडे चाललेली पांढऱ्या पेशींची धावपळ. स्टेरॉइड ती धावपळ थांबवतं. दुखणं कमी होतं, पाणी थांबतं, डोळा पांढरा दिसू लागतो. प्रतिजैविक जिवाणूंना मारतं, बुरशीचं ते काहीच करू शकत नाही. म्हणजे बुरशीच्या वाटेतला पहारा काढून घेतला जातो आणि तिला मारणारं औषध मात्र डोळ्यात नसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी बाईला खरोखर बरं वाटलं. ती पुन्हा रानात गेली.

बुरशीच्या व्रणाची आणखी एक खोड अशी की तो दिसायला जेवढा वाईट असतो तेवढा सुरुवातीला दुखत नाही. जिवाणूंचा व्रण एक-दोन दिवसांत माणसाला उठवून दवाखान्यात नेतो. बुरशीचा हळूहळू आत उतरतो. त्यात स्टेरॉइडने वेदना झाकली गेली की आठ-दहा दिवस सहज निघून जातात. इथेही तसंच झालं. आठव्या दिवशी नजर धुरकट झाली, मुलीने बघितलं तर काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका. "फूल पडलंय," असं घरच्यांनी म्हटलं. दुकानातून बाटली बदलून आणली. नवीन बाटलीतही स्टेरॉइड होतंच, कंपनी तेवढी वेगळी. अकराव्या दिवशी सकाळी बाई नवऱ्यासोबत एसटीने सोलापूरला आली.

तपासणीच्या टेबलावर

उजव्या डोळ्याने एक मीटरवरची बोटं मोजता येत होती, त्यापलीकडे काही नाही. डाव्या डोळ्याची नजर ६/९, म्हणजे जवळपास पूर्ण.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, मधोमध ४.५ × ४ मिलिमीटरचा राखाडी-पांढरा व्रण. पृष्ठभाग कोरडा, किंचित उंचावलेला. कड स्पष्ट नाही, पिसाऱ्यासारखी फाटलेली, आणि मुख्य व्रणापासून थोड्या अंतरावर दोन बारीक पांढरे ठिपके. डोळ्याच्या आत, बुबुळाच्या पुढच्या पोकळीत, तळाशी पुवाची दीड मिलिमीटर उंचीची पातळी. फ्लुरोसीन या रंगद्रव्याची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं तर व्रणाची जागा हिरवी चमकली, म्हणजे वरचं आवरण अजून उघडंच होतं. पिसाऱ्यासारखी कड आणि बाजूचे ठिपके पाहून बुरशीचा संशय घ्यायचा असतो, पण संशयावर उपचार ठरवायचा नसतो.

खरवड घेण्याचा क्रम इथे नीट सांगायला हवा, कारण घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो. आधी प्रोपॅराकेन ०.५ टक्क्याचे थेंब टाकून डोळा बधिर करतात. मग १५ नंबरच्या ब्लेडने किंवा किमुरा स्पॅच्युलाने व्रणाच्या कडेवरून आणि तळातून, दोन्हीकडून खरवडतात. तळाचा मधला भाग मेलेला असतो, वाढणारी बुरशी कडेला सापडते. पहिल्या खरवडीच्या दोन काचपट्ट्या, एक जिवाणू ओळखायच्या ग्रॅम रंगासाठी आणि एक बुरशीचे धागे दाखवणाऱ्या १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी. त्यानंतरची खरवड ब्लड अगर आणि सॅबोरॉ अगर, म्हणजे जंतू आणि बुरशी वाढवायच्या माध्यमांच्या, प्लेटवर इंग्रजी सी अक्षराच्या आकारात ओढायची. वाढ त्या रेघेवर आली तर ती डोळ्यातली, रेघेबाहेर आली तर हवेतून पडलेली. सॅबोरॉची प्लेट काही वाढलं नाही म्हणून चार दिवसांत फेकायची नसते, दोन आठवडे ठेवायची.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडची पट्टी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पंधरा मिनिटांत वाचता येते. त्यात आडवे पडदे असलेले, फांद्या फुटलेले बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. स्टेरॉइडची बाटली तिथल्या तिथे बंद झाली. तेराव्या दिवशी प्लेटवर कापसासारखी वाढ आली, फ्युझॅरियमची.

या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. सूक्ष्मदर्शक, काचपट्टी, ब्लेड आणि बघायला शिकलेला डोळा एवढ्यावर निदान होतं. तालुक्याच्या ठिकाणीही हे होऊ शकतं, हे ठासून सांगायला हवं.

हाच ओरखडा दुसरीकडे

जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९९८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे साडेपाच कोटी डोळ्यांच्या इजा अशा होतात की माणसाचं काम एका दिवसाहून जास्त अडतं. त्यातल्या साडेसात लाखांना दवाखान्यात भरती व्हावं लागतं, आणि सुमारे दोन लाख इजांमध्ये डोळ्याचा गोळा फाटतो किंवा भोसकला जातो. इजेमुळे एका डोळ्याची नजर गेलेली किंवा अधू झालेली माणसं १ कोटी ९० लाख. एका डोळ्याचं नुकसान आकडेवारीत नेहमी मागे राहतं, कारण अंधत्व मोजताना चांगला डोळा धरला जातो. मंगळवेढ्याची ही बाईही कुठल्याही अंधत्वाच्या पाहणीत येणार नाही.

कॉर्नियाच्या व्रणाचे आकडे जास्त बोलके आहेत. अमेरिकेत मिनेसोटाच्या ओल्मस्टेड काउंटीत १९८० च्या दशकात दरवर्षी लाखामागे ११ जणांना व्रण होत होता. मदुराई जिल्ह्यात लाखामागे ११३. नेपाळमधल्या भक्तपूरमध्ये लाखामागे ७९९. मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या हे धरूनही दहापटीचा आणि सत्तरपटीचा फरक पद्धतीने भरून निघत नाही.

हा फरक कुठून येतो? मिनेसोटातही शेती आहे, मका आहे, मक्याच्या पानालाही कड असते. पण तिथे पीक काढणारा माणूस बंद केबिनमध्ये बसलेला असतो, पात त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तिथे व्रण वाढला तो मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत, आणि तो बहुधा जिवाणूंचा. मदुराईत १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत व्रणाचे ४३४ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांपैकी २८४ जणांनी आधी डोळ्याला काहीतरी लागल्याचं सांगितलं. प्लेटवर वाढ आलेल्या २९७ जणांत १४० ना जिवाणू आणि १३९ ना निव्वळ बुरशी, म्हणजे जवळजवळ बरोबरी. हवा उष्ण, हाताने होणारी शेती आणि डोळ्यावर काहीही नाही, या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे बुरशीचा वाटा असाच चढतो. सोलापूरच्या रानात तिन्ही आहेत.

भक्तपूरच्या अभ्यासातली पुढची गोष्ट मात्र या प्रकरणाचा गाभा आहे. तिथे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना निळ्या उजेडात ओरखडा ओळखायला शिकवलं आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचं १ टक्क्याचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस, एवढंच द्यायला सांगितलं. दोन वर्षांत ४४२ ओरखड्यांवर उपचार झाले. इजेनंतर १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी ४ जणांना झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना. म्हणजे एक दिवस उशीर झाला की धोका शून्यावरून चारात एकाच्या वर गेला. औषध तेच, डोळे तसेच, फरक फक्त तासांचा.

बुरशीवर काम न करणारं मलम बुरशीचा व्रणही कसा टाळतं, असा प्रश्न साहजिक आहे. दक्षिण भारतातल्या खेड्यांत त्यासाठी वेगळी चाचणी झाली. एका गटाला क्लोरॅम्फेनिकॉलसोबत बुरशीविरोधी क्लोट्रिमॅझोल, दुसऱ्याला क्लोरॅम्फेनिकॉलसोबत नुसतं बिनऔषधाचं मलम. दोन्ही गटांत ओरखडे सारखेच बरे झाले. पटण्यासारखं कारण असं की जिवाणू दूर ठेवले आणि स्टेरॉइड, दूध, रस यातलं काही आत गेलं नाही, तर वरचं आवरण वेळेत झाकलं जातं आणि बुरशीला वाट उरत नाही.

यावरून गावोगाव मलम वाटलं की झालं, असं समजू नये. नेपाळमध्येच पुढे गावं दोन गटांत वाटून मोठी चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला. स्वयंसेविकांच्या हाती मलम दिलेल्या गावांत आणि न दिलेल्या गावांत व्रणांच्या एकूण संख्येत फरक पडला नाही. मलम कपाटात असून भागत नाही, ओरखडा लागलेला माणूस त्याच संध्याकाळी तिथे यायला हवा. आपल्या बाईचे पहिले अठरा तास उलटले तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहाट होती आणि ती भाकरी थापत होती.

उपचार

बुरशी मारणारं नॅटामायसिन ५ टक्के, दर तासाला एक थेंब, जागं असेपर्यंत. हे औषध १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांताच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, नावही त्यावरूनच. त्याच्या बरोबरीला व्होरिकोनॅझोलचं नाव घेतलं जात होतं, जे नवं आणि डोळ्यात जास्त खोल जाणारं. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला, तो जुन्या औषधाच्या बाजूने. फ्युझॅरियमच्या रुग्णांत तीन महिन्यांनी नॅटामायसिनवाल्यांना तक्त्यावर सरासरी चार ओळी जास्त वाचता येत होत्या. म्हणून फ्युझॅरियम असताना 'नवं द्या' हा नातेवाइकांचा आग्रह समजावून बाजूला ठेवावा लागतो.

सोबत अॅट्रोपिन १ टक्का दिवसातून दोनदा. त्याने आतला ताणलेला स्नायू सैल होतो, ठणका कमी होतो आणि बुबुळ भिंगाला चिकटत नाही. पट्टी बांधायची नाही. बांधलेल्या डोळ्यात ऊब आणि ओल राहते, आणि तासातासाला थेंबही घालता येत नाही.

नॅटामायसिन वापरताना चुका कुठे होतात?

ते द्रावण नाही, पाण्यात तरंगणारी भुकटी आहे. बाटली न हलवता थेंब घातला तर वरचं पाणी डोळ्यात जातं आणि औषध तळाशी राहतं. हलवायची म्हणजे दर वेळी नीट, तळाचा पांढरा थर सुटेपर्यंत. दुसरं, हे औषध व्रणावर आणि खालच्या पापणीच्या खाचेत पांढरं साचतं. घरच्यांना वाटतं फूल वाढलं, आणि औषध बंद होतं. तिसरं, त्याचा रेणू मोठा असल्याने ते शाबूत आवरणातून आत जात नाही, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी व्रणावरचा मेलेला थर ब्लेडने हलकेच खरवडावा लागतो. रुग्णाला हा छळ वाटतो, तेव्हा खरवडण्याआधीच कारण सांगितलेलं बरं.

आणि चौथं, हिशोब. सकाळी सहा ते रात्री दहा, तासाला एक म्हणजे १७ थेंब. ५ मिलिलिटरच्या बाटलीत साधारण शंभर-सव्वाशे थेंब. बाटली जास्तीत जास्त सहा-सात दिवस पुरते, निम्मे थेंब गालावर गेले तर तीन-चार. घरी जाताना एकच बाटली दिली तर ती रविवारी संपते, तालुक्याच्या दुकानात नॅटामायसिन नसतं, आणि तिथून पुन्हा 'तसलंच काहीतरी' दिलं जातं. म्हणून सोडताना दोन बाटल्या हातात असाव्यात आणि स्टेरॉइडची जुनी बाटली दवाखान्यातच काढून घेतलेली असावी.

चौदाव्या दिवशी पुवाची पातळी दीडवरून दोन मिलिमीटर झाली. घरच्यांनी मोठ्या शहरात नेण्याची भाषा सुरू केली. पहिल्या दोन-तीन दिवसांत असं होतं, विशेषतः स्टेरॉइड नुकतंच बंद केलेलं असताना, कारण थोपवलेली दाहाची लाट परत येते. पाहायचं असतं ते व्रणाच्या कडेकडे. ती पुढे सरकत नव्हती. कॉर्नियात व्होरिकोनॅझोलचं इंजेक्शन द्यावं का यावर विचार झाला, पण कड थांबलेली असल्याने थांबणंच योग्य ठरलं. कॉर्निया पातळ होऊन फुटला असता तर सायनोअॅक्रिलेटचा गोंद आणि वरून बँडेज लेन्स, भोक मोठं असतं तर तातडीचं कॉर्निया रोपण. तिथे पुन्हा जगाची विषमता आडवी येते. २०१२ च्या एका जागतिक मोजणीत कॉर्नियाची गरज असलेल्या ७० जणांमागे एक कॉर्निया उपलब्ध होता. अमेरिका आपली गरज भागवून कॉर्निया बाहेर पाठवते, आपल्याकडे तातडीच्या रोपणाला नेमक्या त्या रात्री नेत्रपेढीत काय आहे यावर सगळं अवलंबून असतं.

अठराव्या दिवशी पू अर्ध्या मिलिमीटरवर आला, कडेचे ठिपके विरले, पिसारा बोथट झाला. एकविसाव्या दिवशी सुट्टी. मुलीने मोबाइलवर तासाचा गजर लावला आणि कॅलेंडरवर प्रत्येक थेंबाची रेघ ओढली. पंचेचाळिसाव्या दिवशी फ्लुरोसीनचा रंग धरला नाही, वरचं आवरण मिटलं होतं. त्यानंतरही नॅटामायसिन दिवसातून चारदा, तीन आठवडे.

काटा आणि धोटा यांची गोष्ट वेगळी

सोलापुरात सगळ्या इजा ओरखड्याच्या नसतात, आणि वरचा मलमाचा उपाय सगळीकडे लावला तर घात होईल. सांगोल्याकडे डाळिंबाच्या छाटणीत काटा डोळ्यात शिरतो. शहरात यंत्रमागावरचा धोटा निसटून डोळ्यावर बसतो तेव्हा गोळाच फाटू शकतो. डोळ्याला आरपार जखम असेल, बाहुली नासपतीसारखी एका बाजूला ओढलेली दिसत असेल, काळपट काही बाहेर आलेलं असेल, तर पाणी मारायचं नाही, मलम घालायचं नाही, काटा उपटायचा नाही. कागदी पेल्याचा तळ कापून डोळ्यावर उपडा ठेवायचा, हाडावर टेकेल असा, चिकटपट्टीने बसवायचा, काही खाऊपिऊ न देता थेट सोलापूर गाठायचं. भूल द्यावी लागते म्हणून पोट रिकामं.

अशा इजेत शेवटी किती दिसेल याचा अंदाज बांधायला एक गुणपद्धत आहे, अमेरिका आणि हंगेरीच्या नोंदींवरून तयार केलेली, २००२ ची. हात हलताना दिसतो एवढीच नजर असेल तर ७० गुण. आत जंतुसंसर्ग असेल तर १७ वजा, उरले ५३. बाहुलीची उजेडाला प्रतिक्रिया बिघडलेली असेल तर आणखी १० वजा, ४३. चव्वेचाळीस आणि त्याखालचा गट सगळ्यात वाईट. पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यात इजेपासून दवाखान्यापर्यंतच्या वेळेला एकही गुण नाही. जिथे रुग्ण काही तासांत पोचतात तिथल्या नोंदींवर ती बांधलेली आहे. सोलापुरात ती वापरताना तारीख-वेळ वेगळी लिहावी, नाहीतर उशिराचं नुकसान इजेच्या खात्यावर जमा होतं.

काय बदलता आलं असतं

गॉगल घाला हा सल्ला सोपा आहे. फेब्रुवारीच्या दुपारी घामाने बंद गॉगलवर वाफ धरते आणि तासाभरात तो कपाळावर जातो. बाजूला भोकं असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा मळणीयंत्रावर काम करणाऱ्यांनी घातलाच पाहिजे, तिथे माणूस एका जागी उभा असतो आणि भुसा सतत उडतो. उपटणीत तो किती टिकेल याबद्दल शंका आहे. म्हणून खरा भर पात लागल्यानंतरच्या वेळेवर हवा.

पात लागली की पिण्याच्या पाण्याने डोळा धुवायचा, पदराने पुसायचा नाही. त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्र. तिथे फ्लुरोसीनची पट्टी आणि निळा टॉर्च एवढं असलं की ओरखडा दिसतो. क्लोरॅम्फेनिकॉलच्या मलमाच्या छोट्या कॅप्सूल तीन दिवस, दिवसातून तीनदा. रोज बघायचं. पांढरा ठिपका दिसला, नजर धुरकटली किंवा ४८ तासांत आराम नाही, तर पुढे पाठवायचं. सुगीचे दोन महिने उपकेंद्र संध्याकाळी सातपर्यंत उघडं राहिलं तर निम्मं काम होईल, कारण मजूर उजेड असेपर्यंत रान सोडत नाही.

आणि मेडिकलवाल्याला एकच वाक्य: रानात काही लागलेल्या डोळ्याला 'डेक्सा', 'बीटा', 'प्रेड' अशा नावाने सुरू होणारं काही घटकांत असलेली बाटली द्यायची नाही. तो वाईट माणूस नाही, गावात रात्री दार ठोठावलं तर उठणारा तोच असतो. म्हणूनच या साखळीत त्याला बाहेर न ठेवता धरून चाललं पाहिजे.

तीन महिन्यांनी

मे महिन्यात उजव्या डोळ्याची नजर ६/६० (चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून), बारीक छिद्रातून पाहिल्यावर ६/३६. मधोमध साडेतीन मिलिमीटरचा पांढरा डाग, घरच्यांच्या भाषेत फूल. आतलं भिंग स्वच्छ, डोळ्याचा दाब नॉर्मल. नजर वाढवण्यासाठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स किंवा पुढे रोपण, असे दोन मार्ग आहेत. लेन्सला रोज स्वच्छ हात आणि निर्जंतुक द्रावण लागतं, शेतमजुरीत ते जमणं अवघड, म्हणून धोक्याचं. रोपणानंतर वर्षभर आणि अधिक तपासण्या, आणि त्यात स्टेरॉइडचे थेंब, तेही याच डोळ्यात. डावा डोळा चांगला असताना हा धोका घ्यायचा की नाही हे घाईने ठरवायचं नाही.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज केला. एक डोळा चांगला असेल तर दुसरा पूर्ण गेला तरी टक्केवारी ३० च्या वर जात नाही, आणि सवलतींसाठी ४० लागतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये आहेत, पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी. दुसऱ्याच्या रानात ज्वारी उपटणारीच्या घरात सातबारा नसतो.

तिला आता सुई ओवता येत नाही, आणि पायरीवरून उतरताना पाय चाचपडतो, कारण खोलीचा अंदाज दोन डोळ्यांनी येतो. तो अंदाज मेंदू काही महिन्यांत बराचसा पुन्हा शिकतो. पुढची तपासणी रब्बीच्या पेरणीआधी ठेवली आहे. तोवर अॅट्रोपिन बंद, कसलेही थेंब नाहीत, आणि डोळा लाल झाला तर दुकानात न जाता सिव्हिलला यायचं, असं कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे. कार्ड मुलीकडे आहे.